बद्द वाजलेली कांडी

टकटकबाईंच्या घरी आलेला पाहुणा हात धुवायला मागच्या मोरीकडे वळला, की घरातली तिन्ही माणसं एकदम उठायची. बाईंचे यजमान म्हणायचे, "इकडे या, इकडे, स्वयंपाकघरात धुवा." सासूबाई म्हणायच्या, "तिकडे आमची मंडळी असतात." पाहुणा गोंधळायचा. मोरीत कसली मंडळी? आणि खुद्द बाई मोरीचं दार ओढून घ्यायच्या.

मोरीत दोन मोठे प्लास्टिकचे टब होते आणि त्यांत पाण्याखाली सिमेंटच्या कांड्या निजलेल्या होत्या. कांडी म्हणजे कपडे धुण्याच्या साबणाची अखंड लांब वडी असते ना, साधारण तेवढी. रंग राखाडी, चेहरा बापडा. पण त्या कांड्यांनी या घरात जो मान भोगला, तो जावयानेही भोगला नाही. हे जावईबापूंनीच एकदा बोलून दाखवलं होतं.

बाई सरकारी तपासणी प्रयोगशाळेत नोकरीला होत्या. सिमेंट, वाळू, विटा, काँक्रीट असलं सगळं तपासायचं काम. डिप्लोमा करून लागल्या आणि टप्प्याटप्प्याने काँक्रीट विभागाच्या प्रमुख झाल्या. टकटकबाई हे नाव त्यांना कोणी ठेवलं ते कोणाला आठवत नाही, पण ते चुकीचं आहे असं त्यांचा शत्रूही म्हणणार नाही. भाड्याचं घर बघायला गेल्या तर आधी भिंतीवर टकटक, मग घरमालकाला नमस्कार. त्यांच्या पर्समध्ये कंगवा नसेल, पण बोटाएवढी लोखंडी कांब असायचीच. ती हलकेच आपटायची आणि कान द्यायचा. घट्ट काँक्रीट खणखणीत वाजतं. आतून चिरलेलं बद्द वाजतं. यजमान पेशाने शिंपी, खालच्या मजल्यावर त्यांचं दुकान. ते म्हणायचे, "आम्ही दोघंही मापाची माणसं. फरक एवढाच, की माझ्या मापात चूक झाली तर शिवण उसवता येते."

हे वाक्य ते गमतीने बोलायचे. बाईंना मात्र ते लागायचं, आणि त्याला कारण होतं.

शहराच्या सखल भागात प्रसूतिगृह बांधायचं ठरलं तेव्हाची गोष्ट. त्या भागातलं विहिरीचं पाणी कडवट. पोटभर प्यालं तर माणूस दुसऱ्या दिवशी घराबाहेर पडायचा नाही. त्या पाण्यात सल्फेटचा क्षार होता, आणि सल्फेट सिमेंटचा जुना वैरी. पण वैरी कसा, तर तोंडावर गोड बोलणारा. सिमेंट धरलं की दगड झाला असं आपण म्हणतो, पण तो दगड पावासारखा असतो. आत जिकडेतिकडे छिद्रं, डोळ्यांना न दिसणारी, पण पाण्याला बरोबर सापडणारी. पाणी आत शिरताना क्षार सोबत नेतं. आत सिमेंटशी त्याची गाठ पडते आणि छिद्रांत सुईसारखे बारीक स्फटिक धरायला लागतात. आता यातली गंमत अशी, की सुरुवातीला हे सगळं चांगलंच दिसतं. छिद्रं बुजतात, दगड घट्ट होतो, वजन वाढतं, आधीपेक्षा जास्त भार सोसतो, वाजवला तर आणखी खणखणीत वाजतो. मग एक दिवस छिद्रांतली जागा संपते. सुया मात्र वाढायच्या थांबत नाहीत. त्या भिंतींना रेटतात, भिंतींना केसाएवढ्या चिरा जातात, चिरांतून आणखी क्षार आत येतो, आणि काल ज्या दगडाची पाठ थोपटली तो आतून खिळखिळा व्हायला लागतो.

सासूबाईंना हे समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कळलं. घरात माणसं भरत जावीत तसं. भरलं घर दिसतं छान. पण कोणी जायचं नावच काढेना, की भांडणं." बाई म्हणाल्या की इतक्या सोप्या शब्दांत त्यांच्या सरांनीही सांगितलं नव्हतं.

तर प्रसूतिगृहाच्या पायासाठी बाईंनी एक मिश्रण बसवलं. सिमेंटमध्ये वीजकेंद्राच्या भट्टीची राख, ठरावीक प्रमाणात. त्या राखेने छिद्रं बारीक होतात आणि क्षाराला आत शिरायला वाट मिळत नाही. प्रमाण जमेपर्यंत त्यांनी किती घाणे घातले आणि किती फेकले याला गणती नाही. शेवटी तपासणीत मिश्रण उत्तम उतरलं. इमारत उभी राहिली. बाईंचा सत्कार झाला, एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं, चार लोक चार शब्द चांगले बोलले. दुसऱ्या कोणी असतं तर तिथेच विषय संपला असता.

पण बाईंना झोप लागेना. थोड्या दिवसांच्या तपासणीवर पिढ्यान्‌पिढ्यांची इमारत उभी केली, हे त्यांच्या मनाला टोचत होतं. ही धास्ती त्यांना आधीपासून होती, म्हणून त्यांनी एक गोष्ट करून ठेवली होती. पायात माल पडत होता त्या दिवशी, त्याच मालातून, त्यांनी स्वतःच्या हाताने कांड्या ओतून घेतल्या होत्या. अर्ध्या साध्या चुन्याच्या निवळीत ठेवल्या आणि अर्ध्या सल्फेटच्या पाण्यात. हे पाणी जमिनीतल्या पाण्यापेक्षा कितीतरी कडक. म्हणजे इमारतीचं जे व्हायचं असेल ते आधी कांड्यांचं होईल, आणि इमारतीला धक्का लागायच्या आत आपल्याला कळेल. आपण चुकलो असलो तर ते सांगायला उभा राहील असा साक्षीदार बाईंनी स्वतःच जन्माला घातला, आणि वर त्याला पोसला. माणसं आपल्या बाजूचे साक्षीदार शोधत फिरतात. आपल्या विरुद्धचा साक्षीदार असा जिवापाड जपणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

वर्षं गेली. सल्फेटातल्या कांड्या उलट जास्तच गुणी निघाल्या. आवाज चढत गेला, वजन वाढत गेलं. प्रयोगशाळेत म्हणायला लागले, "बाई, आता पुरे. क्षार यांना मानवलाय." बाई म्हणायच्या, "अजून आत जागा शिल्लक आहे म्हणून मानवलाय." पुढे प्रयोगशाळा नव्या इमारतीत हलली. तिथे नवी यंत्रं आली, जुन्या टबांना मात्र जागा नव्हती. नवे साहेब भले गृहस्थ, पण त्यांच्याकडे कामांचा ढीग. ते म्हणाले, "हा प्रयोग बंद करू या. निकाल चांगलाच आहे ना?"

"निकाल अजून लागलेला नाही," बाई म्हणाल्या, "मी या कांड्या घरी नेते."

साहेबांनी दोनदा विचारलं, "घरी?" आणि मग सही केली. ओल्या टॉवेलांत गुंडाळून, तान्ह्या बाळांसारख्या, टेम्पोतून कांड्या घरी आल्या. बाईंनी घरच्यांना एकच ताकीद दिली. एक वेळ मला उपाशी ठेवा, पण यांना कोरडं ठेवू नका. कांडी वाळली तर छिद्रांतला क्षार जागच्या जागी खड्यासारखा धरतो आणि दगड फोडून बाहेर येतो. मग प्रयोगाचे तीनतेरा.

सासूबाईंनी पहिल्याच दिवशी टबांना नावं ठेवली. चुन्याच्या निवळीचा टब म्हणजे माहेर. सल्फेटचा म्हणजे सासर. "तिथे काय, मऊ पाण्यात लोळायचं. खरा कस लागतो तो इथे," असं त्या सुनेकडे बघत म्हणाल्या, आणि सून हसली. या दोघींचं असंच होतं. टोमणा मारायचा तो दोघींना हसता येईल एवढाच.

बाई निवृत्त झाल्या तरी नेम चुकला नाही. रविवारी सकाळी चहा झाला की स्टूल घेऊन मोरीत बसायचं, एकेक कांडी पाण्यातून काढायची, दोन रबरी पट्ट्यांवर आडवी ठेवायची, कांबीने टक करायचं, ऐकायचं, आतून फुगली नाही ना म्हणून लांबी मोजायची, परत बुडवायची. लांबी मोजायला कांडीच्या दोन्ही टोकांना छोटी लोखंडी बटणं बसवलेली असत. खालून यजमान ओरडायचे, "झाली का पूजा?" सासूबाई दारात खुर्ची टाकून भाजी निवडत ऐकत बसायच्या. पाणी बदलायचं काम यजमानांचं. आणि मधल्या काळात बाईंची लेक त्याच प्रसूतिगृहात बाळंत झाली. नातीला पहिल्यांदा हातात घेताना बाईंची नजर खाली फरशीकडे गेली, हे फक्त सासूबाईंनी पाहिलं.

मग बाईंच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन झालं, वर ताप उलटला, आणि त्यांचा इस्पितळातला मुक्काम लांबला. पडल्या पडल्या त्या विचारायच्या, "पाणी बदललंत ना?" यजमान म्हणायचे, "बदललं. तू आधी तुझी सलाइन संपव."

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी त्या भिंतीला धरून मोरीत गेल्या. माहेरच्या कांड्या वाजवल्या. खणखणीत. सासरच्या काढायला लागल्या. मधली कांडी उचलली, तर कोपरा हातात आला. लोखंडी बटण निखळून टबात पडलं. कांडीवर पापुद्रे सुटले होते आणि बोट लावलं की भुगा होत होता.

दारात सासूबाई उभ्या होत्या.

"मी धुतली ती," सासूबाई म्हणाल्या. "पांढरं पांढरं आलं होतं तिच्यावर. ब्रशने घासली आणि गच्चीवर ऊन दाखवलं. चार दिवस. मग परत ठेवली तर अशी झाली."

बाईंनी नुसतं "बरं" म्हटलं.

त्यापेक्षा त्यांनी आरडाओरडा केला असता तर सासूबाईंना परवडलं असतं.

रात्रीच्या जेवणाला यजमान म्हणाले, "अगं, एक कांडी गेली तर गेली. बाकीच्या आहेत की."

"कांडी गेल्याचं दुःख नाही हो," बाई म्हणाल्या. "ती कशाने गेली ते कळायचा मार्ग गेला. सल्फेटने आतून फुटली असेल तर माझं मिश्रण हरलं आणि प्रसूतिगृहाच्या पायाखाली तेच चाललंय. उन्हाने फुटली असेल तर काहीच झालेलं नाही. दोन्हीत कांडी दिसते सारखीच. आता मी तिकडे जाऊन सांगू काय? सासूबाईंनी वाळत घातली म्हणून पाया खणा?"

सासूबाईंचा घास हातातच राहिला. बाईंना ते दिसलं, आपण बोलायला नको होतं हेही कळलं, पण शब्द निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फुटकी कांडी आणि तिच्या शेजारची चांगली कांडी ओल्या फडक्यात बांधून प्रयोगशाळेत नेल्या. नव्या साहेबांनी खुर्ची दिली आणि आपल्या हाताने कांड्या तोडून तुकडे यंत्रात घातले. हे यंत्र दगडाच्या छिद्रांत दाब देऊन पारा भरतं, आणि किती दाबाला किती पारा शिरला यावरून छिद्रं केवढी आणि किती ते सांगतं. चांगल्या कांडीची छिद्रं काठोकाठ बुजत आली होती, चीर मात्र एकही नव्हती. फुटक्या कांडीतही छिद्रं बुजलेली होती, पण त्यांच्यामधून रुंद चिरा गेलेल्या.

"चिरा आहेत," साहेब म्हणाले. "पण त्या उन्हाआधीच्या की नंतरच्या, ते यंत्राला विचारून उपयोग नाही. तुम्ही थांबा. बाकीच्या कांड्या आहेत. पुढची बोलेल तेव्हा बघू."

थांबायला हरकत नव्हती. शास्त्र म्हणत होतं थांब, साहेब म्हणत होते थांबा, यजमानही तेच म्हणत होते. आणि खरं सांगायचं तर बाईंच्या मनालाही ते गोड वाटत होतं. घरी येताना बसमध्ये त्यांच्या मनात आलं, नशीब, म्हातारीने धुतली. आणि असं मनात आलं म्हणून त्यांना स्वतःचा रागही आला.

पुढचे काही दिवस घर मुकं होतं. सासूबाई जेवायच्या नावाला. मोरीकडे फिरकत नव्हत्या. एका दुपारी बाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या, तर त्या समोर येऊन बसल्या.

"मला बोल काहीतरी. रागाव. पण अशी गप्प राहू नकोस. तुझ्या जन्माच्या कामावर मी बोळा फिरवला."

"आई, मी रागावलेली नाही."

"मग विचारत का नाहीस काही?"

बाईंनी घडी खाली ठेवली. विचारण्यासारखं एक होतं, त्यांच्या मनात आलंही होतं, पण म्हातारीच्या जखमेवर मीठ नको म्हणून त्यांनी तोंड आवरलं होतं. "पांढरं तर सासरच्या सगळ्याच कांड्यांवर येतं, आई. मग तुम्ही एकच का धुतलीत?"

सासूबाईंनी असं पाहिलं, की यात विचारायचं काय. "तीच बद्द वाजली ना."

बाई पुढे सरकल्या. "कधी?"

"तू इस्पितळात असताना. रविवार उजाडला, चहा झाला, आणि टकटक नाही. मला काही चैन पडेना. घरातलं कोणी मेल्यासारखं वाटायला लागलं. म्हणून मीच स्टूल घेतलं आणि बसले. माहेरच्या सगळ्या छान वाजल्या. सासरच्याही. मधलीच तेवढी बद्द. जन्मभर मडकी वाजवून घेतलीत मी, मला बद्द कळतं. म्हटलं सादळली बिचारी, सदान्‌कदा पाण्यात ठेवतात तर होणार काय? चांगली घासावी, ऊन दाखवावं, की येईल ताळ्यावर."

"म्हणजे धुवायच्या आधी बद्द होती?"

"अगं, बद्द होती म्हणून तर धुतली."

"हे मला त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुझ्या अंगात ताप. डॉक्टर म्हणाले, हिच्या कानावर काळजीचं काही घालू नका. आणि कांडी बद्द वाजली हे ऐकलं असतंस, तर तू सलाइनसकट घरी आली असतीस. म्हटलं, तू यायच्या आत नीट करून ठेवते. तुला कळायलाच नको."

बाई उठल्या आणि सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या. बाईंना म्हातारीबद्दल इतकं भरून आलं होतं, की त्यांना त्यातलं थोडं तरी सांगायचं होतं. पण त्या तपासणीतल्या बाई पडल्या. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आई, तुमच्या कानाची परीक्षा घ्यावी लागेल."

सासूची परीक्षा घेणारी सून जगाच्या पाठीवर ही एकच असावी. सासूबाईंना भिंतीकडे तोंड करून बसवलं. बाईंनी स्वयंपाकघरातले कप मांडले, त्यांत एक केसाएवढी चीर गेलेला. कांबीने एकेक वाजवत गेल्या. मग क्रम बदलून वाजवले. मग कांड्या आणि टाकून दिलेली एक तडकलेली फरशी. "छान. छान. हा बद्द. छान. ही फरशी आहे, मला फसवू नको, आणि बद्द आहे." म्हातारी एकदाही चुकली नाही. खालून यजमान वर आले आणि आई भिंतीकडे तोंड करून बसलेली आणि बायको कप वाजवतेय हे पाहून, काही न विचारता परत खाली गेले.

संध्याकाळी मात्र त्यांना सगळं सांगितल्यावर ते गंभीर झाले. "नीट विचार कर. मिश्रण तुझं. सही तुझी. सत्कार तुझा झाला. आज तिकडे कोणाला काही ठाऊक नाही, कोणी विचारतही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपणहून आपल्या पायावर धोंडा का पाडून घेतेस? पुढची कांडी बोलेपर्यंत तरी थांब."

"पुढची कांडी काठोकाठ भरलेली आहे, मी पाहिलंय," बाई म्हणाल्या. "आणि ही बोललीच होती की. ऐकायला मी नव्हते, आई होत्या."

यजमानांनी गळ्यातली टेप काढून गुंडाळली. मग म्हणाले, "मी येतो सोबत."

बाईंनी निघताना भिंतीवरचं घड्याळ काढून पिशवीत घातलं. प्रसूतिगृहाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी नातीच्या वेळेची ओळख ठेवली होती. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "इमारत पडणार आहे का?"

"आज नाही. उद्याही नाही. जमिनीतलं पाणी माझ्या टबातल्या पाण्याइतकं कडक नाही, म्हणून पाया कांड्यांच्या मागे आहे. पण वाट तीच आहे. आत्ता पाणी अडवलं तर तिथेच थांबेल. चिरा पडायला लागल्या, की मग हातात फार थोडं उरतं."

"हे मिश्रण कोणी ठरवलं होतं?"

"मी." बाईंनी घड्याळ टेबलावर ठेवलं. "हे त्याचंच मिळालं होतं."

डॉक्टरीणबाईंनी घड्याळ उचलून कानाशी नेलं. "चालतंय की. मग घेऊन जा," त्या म्हणाल्या, आणि फोन ओढून घेऊन इमारत खात्याच्या इंजिनिअरला बोलावलं.

खणायच्या दिवशी सासूबाईंनी हट्ट धरला, मलाही न्या. खड्ड्यापासून लांब, झाडाखाली त्यांना खुर्ची दिली. वरच्या खिडक्यांतून बाळांचं रडणं येत होतं. मजुरांनी पायाच्या खांबाची एक बाजू मोकळी केली. माती ओली होती आणि खांबावर पांढरा थर होता. इंजिनिअरने नळीच्या यंत्राने खांबातून मनगटाएवढा जाड गाभा कापून काढला आणि बाईंच्या हातात दिला. बाईंनी पर्समधून कांब काढली. यजमानांनी गाभा धरला.

टक.

खणखणीत वाजला. इतका, की झाडाखालून सासूबाईंनी मान हलवली.

इंजिनिअर हसला. "बाई, हा तर नव्यापेक्षा घट्ट आहे. उगाच जिवाला घोर लावून घेतलात."

बाई मातीच्या ढिगावर बसल्या आणि रडायला लागल्या. इंजिनिअर बावरला. त्याला वाटलं, चूक ठरल्याचं वाईट वाटलं.

"घट्ट आहे म्हणजे वेळेत आलो," बाई म्हणाल्या. "माझी कांडीही अशीच घट्ट होती. अगदी शेवटपर्यंत."

इंजिनिअरने गाभा ओल्या फडक्यात गुंडाळला आणि प्रयोगशाळेकडे पाठवला. बाहेरच्या कडेची छिद्रं बुजत आली होती, आतली अजून मोकळी होती. चीर नव्हती. त्यानंतर प्रसूतिगृहाभोवती खोल चर खणून कडू पाणी दुसरीकडे वळवलं, खांब उघडे करून धुतले, आतून वाळू न देता वरवर पुसले आणि त्यांना पाणी न झिरपणारा लेप दिला. हे काम चाललं होतं तेव्हा वर रोजच्यासारखी बाळंतपणं होत होती. खाली काय चाललंय ते कोणा बाळंतिणीने विचारलं तर नर्सबाई सांगायच्या, गटाराचं काम आहे.

बाईंच्या मिश्रणावर पुढे प्रयोगशाळेत बराच खल झाला. राखेच्या जातीत दोष निघाला, प्रमाण बदललं, आणि त्या बदललेल्या प्रमाणाच्या कागदावर नव्या साहेबांनी कारण म्हणून बाईंच्या कांड्यांचा उल्लेख केला. बाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, "आईंचं नाव घालायचं राहिलं." साहेबांना वाटलं, त्या गंमत करतायत.

त्यानंतरच्या रविवारी चहा झाला. घड्याळ पुन्हा भिंतीवर लागलं होतं. बाईंनी स्टूल मोरीत नेऊन ठेवलं आणि स्वतः बसल्या नाहीत. सासूबाईंच्या मांडीवर भाजीचं ताट होतं, ते उचललं आणि त्यांच्या हातात कांब दिली.

"मी?" सासूबाई म्हणाल्या.

"वाजवायचं तुम्ही. मोजायचं मी."

म्हातारी उठली, खुरडत स्टुलावर बसली, माहेरच्या कांड्या एकेक करून वाजवल्या. मग सासरच्या टबाशी आल्यावर थबकली. मधल्या दोन जागा रिकाम्या होत्या.

"आणि यातली पुन्हा एखादी बद्द वाजली तर?"

"तर मला सांगायचं. मला कितीही ताप असला तरी."

सासूबाईंनी मान डोलावली. हात पाण्यात घातला, कांडी बाहेर काढली, तिच्यावरचा पांढरा थर अंगठ्याने पुसायला गेल्या, आणि अंगठा तसाच मागे घेतला.